चार दिवस चारलेला ससा

सन दोन हजार सतरा, थंडीचे दिवस, मी एकाहत्तर वर्षांचा. सांगोल्याकडच्या माझ्या रानातला हरभरा ससे खात होते, म्हणून मी ओढ्यापलीकडच्या एका मेंढपाळाला फास लावायला बोलावलं. मेंढरांशी दिवसभर बोलायचा, माणसापुढं मात्र खाली बघून उभा राहायचा. कामाला लागायच्या आधी हातांना मेंढरांच्या लेंड्या चोळायचा. सशाला माणसाचा वास येऊ नये म्हणून.

कुंपणाच्या फटीत तो रोज मूठभर कोवळा हरभरा ठेवी, पण फास काही लावीना. चौथ्या दिवशी मी चिडलो. "माझाच हरभरा सशाला चारायला बोलावलंय व्हय रं तुला?"

"आबा, आदी त्येचा इस्वास तर बसू द्या की. फास काय, लगीच बसतोय."

पाचव्या दिवशी त्यानं फास लावला आणि ससा सापडला. त्यानं तो सोलून माझ्या दारात आणून दिला. मी अर्धा वाटा पुढं केला, तर त्यानं हात मागं घेतला.

"तुमीच खावा. म्या चार दिस चारलंय त्येला."

"मग मारलास कशाला?"

"तुमी सांगितलं म्हणून की."

असलं बोलणं मी कुणाचं ऐकून घेत नाही. सुनेला कालवण करायला सांगितलं आणि हाडंसुद्धा चोखून खाल्ली. चव काही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रानात कुणी नाही हे आधी बघून, मी फटीतला फास काढला आणि तिथं मूठभर हरभरा ठेवून आलो.