वाच, पण अर्थ सांगू नकोस

ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत बसून ती लोकांचे कपडे दुरुस्त करायची. कंबर सैल करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "दोन बोटं आखूड करा," की ही आधी विचारायची, "कुणाची बोटं? तुमची की माझी?" काउंटरवरच्या पोरींनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन तिचंच. बुधवारी संध्याकाळी तिच्या पुढच्या खोलीत बायकांचा बायबल अभ्यास असे. शेजारच्या वहिनी घरून खुर्च्या आणत, बिस्किटं मास्तरीण ठेवी, आणि वचनाचा अर्थही मास्तरीणच सांगे.

आतल्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली होती. हृदय थकलं होतं, डोकं मात्र शाबूत. मास्तरीण कामावर असली की धाकटी बहीण आईपाशी येऊन बसायची. धाकटी बेकरीत पाव विकायची. तिचा नवरा गेल्यावर पांढऱ्या शर्टातले दोन तरुण धर्मप्रचारक दारात आले, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेले. धाकटीनं त्यांना पाणी दिलं, मग त्यांचं ऐकलं, आणि वर्षभरात ती त्यांच्या मॉर्मन पंथात गेली. त्यांच्या नियमाप्रमाणे चहासुद्धा सोडला, आणि बायबलच्या जोडीला त्यांचं वेगळं धर्मपुस्तक वाचू लागली.

"चहानं काय घोडं मारलं होतं तुझं?" मास्तरीण म्हणाली. "आणि हे दुसरं पुस्तक कशाला? बायबलच्या शेवटी स्वच्छ लिहिलंय, यात कुणी भर घालायची नाही."

"ताई, तसं बायबलच्या सुरुवातीलाच मोशेनंही सांगून ठेवलंय. मग त्याच्यापुढचं सगळं फाडून टाकायचं का? बायबल आम्हीही वाचतो. फक्त देव बोलायचा थांबला, असं आम्हाला वाटत नाही."

"तो थांबला नसेल. तू तरी थांब."

आतून आई खुदकन हसली होती. तोवर सगळं हसण्यावारी जात होतं.

त्या बुधवारी अभ्यासाला पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पत्र होतं. मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख येतो, तो अध्याय. मास्तरीण रंगात आली होती. "पौल इथं नुसता प्रश्न विचारतोय," ती म्हणाली. "पुनरुत्थान नसेल तर ते लोक असं का करतात, एवढंच. तुम्ही करा, असं कुठं म्हणतोय? पण काही मंडळी या एका ओळीवर मंदिरं बांधतात. मेलेल्या आजोबा-पणजोबांच्या वतीनं जिवंत माणसं पाण्यात बुडी मारतात."

"अगंबाई!" शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

धाकटी तेवढ्यात आईचा रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली होती. बोलणं तिथंच थांबवावं, हे मास्तरणीला सुचलं नाही. दुपारी घरात पाऊल टाकताना आतून 'बाळ' आणि 'बाप्तिस्मा' हे शब्द तिच्या कानावर आले होते, आणि तेव्हापासून ती आतल्या आत धुमसत होती.

"हिलाच विचारा की. काय गं, आपल्या भावाचं नाव दिलंस ना तुमच्या त्या मंदिरात? बाप्तिस्म्याआधीच गेला म्हणून?"

त्या भावाबद्दल बाहेरच्या कुणालाही ठाऊक नव्हतं. दोघी बहिणींच्या मधला तो, तान्हेपणीच गेलेला. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून जुन्या पाळकांनी त्याला प्रार्थनेविना, कब्रस्तानाच्या कुंपणाच्या भिंतीलगतच पुरू दिलं होतं. आईनं ते आयुष्यभर पदराआड ठेवलं होतं. आणि आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

धाकटीनं पेला टेबलावर ठेवला. "ताई, लहान मुलांचा बाप्तिस्मा आमच्यात नसतोच. जिवंत असो की गेलेलं. आठ वर्षांखालचं मूल निष्पापच धरतात, त्याला कशाचीच गरज नाही. आमच्या पुस्तकात तसं लिहिलंय, तेच आईला वाचून दाखवत होते. तिनंच विचारलं म्हणून."

तिनं पुस्तक पिशवीत घातलं आणि ती निघून गेली. बायकांनाही एकदम घरची कामं आठवली. बिस्किटं तशीच राहिली.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, मला का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं की. तो कुठं असेल, म्हणून. तू म्हणालीस, यावर आपल्या मंडळीत दोन मतं आहेत. मग दोन्ही समजावून सांगितलीस. माझं जेवण निवून गेलं."

मास्तरीण आईच्या उशाशी बसली. तिनं बायबल उघडलं. "येशू लेकरांना कवेत घेतो, ते वाचू?"

"वाच. पण अर्थ सांगू नकोस."

तिनं वाचलं. मध्ये दोनदा तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. आई म्हणाली, "हेही चांगलंय. पण तिचं ते तिच्याकडून ऐकायचंय मला."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती बेकरीच्या रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली.

"काय देऊ?" धाकटीनं वर न बघता विचारलं.

"आईनं पुस्तक मागितलंय."

"पुस्तक मागितलंय की मला बोलावलंय?"

"तुला." मागची माणसं ऐकत होती. "काल मी फार वाईट वागले."

"पाव न्यायचाय का?" धाकटी म्हणाली. मग पिशवीत पाव भरताना हळूच, "दुकान बंद करून येते."

ती आली. आतल्या खोलीत वाचू लागली. मास्तरीण कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत राहिली. एकही वाक्य तिला पटलं नाही. एकदाही ती बोलली नाही. आईचे डोळे मिटलेले होते, आणि चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत होता.

दार वाजलं. शेजारच्या वहिनी खुर्च्या न्यायला आल्या होत्या. त्यांनी आत डोकावून आवाज खाली आणला. "काल फार वाईट वाटलं गं. रात्री मीही प्रार्थना केली त्याच्यासाठी. नाव काय होतं बाळाचं?"

मास्तरणीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. नाव ठेवलं होतं की नाही, हेही तिनं आईला कधी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. वहिनी वाट बघत राहिल्या, आणि तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.