काकांचं अ‍ॅव्हरेज

आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या काकांइतका उजवा पाय जपून वापरणारा माणूस अख्ख्या कल्याणात सापडणार नाही. चालताना ते तो पाय चारचौघांसारखाच टाकतात, पण गाडीत बसले की झोपलेल्या तान्ह्या मुलावर पांघरूण घालावं तसा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवतात. गाडी त्यांच्या तरुणपणीची. गोल दिव्यांची, दुधी रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. तिच्या बरोबरीच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या, उरल्यासुरल्या लग्नाच्या वरातीत भाड्याने फिरतात. ही मात्र दर काही वर्षांनी आरटीओत जाऊन पास होऊन येते. "माझ्या गुडघ्यांना कुणी असं पास करणार नाही," असं काका त्यावर म्हणतात.

या गाडीने पेट्रोल कमीत कमी प्यावं, हा काकांचा ध्यास. ब्रेक लावणं त्यांना मनापासून आवडत नाही, कारण ब्रेक म्हणजे पेट्रोल जाळून मिळवलेला वेग फुकट घालवणं. त्यामुळे लांबवर लाल सिग्नल दिसला की ते इतके हळू होतात, की आपण पोचेपर्यंत तो हिरवा व्हावा. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून बेजार होतात आणि काका खिडकीतून हात काढून त्यांना आशीर्वाद दिल्यासारखं करतात. वजन हा त्यांचा दुसरा शत्रू. डिकीतला पसारा गेला, पायाखालचे गालिचे गेले, मागच्या काचेजवळचे स्पीकर गेले. डॅशबोर्डवरचा गणपती राहिला, पण पितळेचा जाऊन प्लॅस्टिकचा आला. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्टेशनपर्यंत सोडा म्हणून विनंती केली. हातात जड पिशवी होती. काकांनी विचारलं, "यात काय आहे?" सेक्रेटरी म्हणाले, "बहिणीकडे लाडू चाललेत." काकांनी पिशवी उचलून तोलली आणि ते म्हणाले, "तुम्ही या. लाडू रिक्षाने पाठवा."

माझी आणि त्यांची ओळख मात्र वजनामुळेच झाली. बायकोची बदली नाशिकला झाली, मुलगी तिच्याबरोबर गेली, आणि मी कामापुरता इकडे राहिलो. मला रविवार सकाळचं काय करायचं ते कळत नसे. अशाच एका रविवारी मी जिन्यात पेपर वाचत बसलो होतो. काका समोर उभे राहिले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुमचं वजन किती?"

मी थोडं कमी करूनच सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. घरात नेऊन त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि काट्याकडे बघून इतके खूश झाले, की लगेच चहा टाकला. चहा पिताना सगळा उलगडा झाला. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या असताना दर रविवारी दोघं या गाडीने कळव्याला काकूंच्या बहिणीकडे जात आणि त्या वेळी गाडी लिटरला सोळाचं अ‍ॅव्हरेज द्यायची. काकू गेल्यावर ते तेरावर आलं. काकांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात गेलेली, त्यामुळे ही गोष्ट त्यांना झोपू देत नव्हती. "गाडीतलं वजन कमी झालं तर अ‍ॅव्हरेज वाढायला हवं. ते उतरलं कसं?" असं ते मला अशा काही सुरात विचारत होते, की जणू मीच ते उतरवलंय. खात्री करण्यासाठी त्यांनी काकूंच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधूनही नेलं होतं. "पण पोतं वळणावर कलतं हो," ते म्हणाले. "माणूस सावरतो." माझं आणि काकूंचं वजन सारखंच निघालं होतं.

अशा रीतीने मी रविवारी काकूंच्या जागी बसू लागलो. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, मग हायवे, खारेगावला हायवे सोडून कळवा. गाडीत बोलायचं नाही हा नियम. काकांना इंजिन ऐकायचं असे. मधूनच ते "ऐकलंत?" असं विचारत. मला काहीच ऐकू आलेलं नसे, पण मी मान हलवी. परतल्यावर नेहमीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची आणि हिशेब करायचा. तेरा. टायरमध्ये हवा वाढवून बघितली, प्लग बदलले, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. तरी तेराच. मग त्यांचा राग पेट्रोलवर गेला. "आता त्यात इथेनॉल घालतात. म्हणजे ऊस. माझी गाडी काय साखर कारखाना आहे?" इथेनॉलने जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं पडतं हे खरं; पण तीनने पडत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

काकूंची बहीण, म्हणजे कळव्याच्या मावशी, आम्हाला दर खेपेला पोहे देत आणि अ‍ॅव्हरेजची तक्रार मुकाट ऐकून घेत. एका रविवारी त्या बशा उचलता उचलता सहज म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हल्ली फार लवकर येता."

"लवकर? नेहमीच्याच वेळेला निघतो."

"तेच म्हणतेय. निघालो म्हणून फोन करता आणि माझं कांदा चिरून, आंघोळ-पूजा होईतो दारात उभे. ताई असताना पोहे दोनदा गरम करावे लागायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती सबंध रस्ता बोलत असायची. पण गाडी जरा पळाली की घाबरून गप्प व्हायची. ती गप्प झाली की हे पाय उचलायचे. मी मागे बसून कितीदा बघितलंय. यांच्या लक्षातही येत नसे."

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

परतताना खारेगाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "बोला."

"काय बोलू?"

"काहीही. ती काहीही बोलायची."

मी ऑफिसबद्दल बोललो, सोसायटीच्या टँकरबद्दल बोललो, मुलीच्या शाळेबद्दल बोललो. काका सभ्यपणे "हं, हं" करत होते. पण माझ्या बोलण्यात किंवा मधेच थांबण्यात त्यांचा पाय थोपवण्याची ताकद नव्हती; गाडी आपली पळत होती. हायवे सोडायच्या रांजनोली नाक्याच्या आतच माझं बोलणं संपलं. एवढी वर्षं दर रविवारी, जाताना आणि येताना, एका बाईला नवऱ्याला सांगण्यासारखं काय काय सापडत असेल याचं मला नवल वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं. "काकू सांगायच्या तरी काय?"

काकांनी गाडी डावीकडे घेतली, हळू केली आणि शेवटी रस्त्याच्या कडेला उभीच केली. "तेच आठवतोय मघापासून," ते म्हणाले. "आवाज आठवतो. कुठे चढायचा, कुठे हसायची, सगळं आठवतं. पण मी इंजिन ऐकत होतो हो." शेजारून कंटेनर जात होते आणि प्रत्येकाच्या वाऱ्याने आमची हलकी केलेली गाडी हलत होती. मग ते म्हणाले, "टिटवाळ्याच्या कुणा बाईचं काहीतरी होतं. तिची सून रागावून माहेरी निघून गेली होती. बाईने पुरणपोळ्या केल्या, डब्यात भरल्या आणि सुनेच्या माहेरी गेली. दारात उभी राहिली. इथवर आठवतं. त्यानंतर मला बहुतेक ट्रक आडवा आला असावा."

मी म्हटलं, "सून आली असेल परत."

"कशावरून?"

"पुरणपोळ्या घेऊन सासू दारात आली, तर कोण येणार नाही?"

काकांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली. पंपाकडे वळायचं ते त्या दिवशी विसरले, की मुद्दाम वळले नाहीत, मी विचारलं नाही. पुढचा आठवडाभर ते मला दिसले नाहीत. रविवारी खाली गेलो तर ते काचा पुसत होते. हवा बघितली का, पाणी बघितलं का, मी नेहमीसारखं विचारलं. त्यांनी फडकं झटकलं, माझ्याकडे न बघता काचेवर एक हात फिरवला आणि म्हणाले, "पण ती लगेच आली असेल, की सासूला दारात थोडं उभं ठेवलं असेल?"