आधी चूक सांगा

केशवभाऊ गेले, हे मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. भंडाऱ्यातल्या माझ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात तो फाटक चार दिवसांत मागत होता आणि मी पंधरा सांगत होतो. मधेच म्हणाला, "पुलावरचे केशवभाऊ गेले ना जी सकाळी." मी पुढची दोन मिनिटं पंधरा दिवसांवरच अडून राहिलो. मग म्हणालो, चार दिवसांत देतो... घासाघीस अशी अर्ध्यावर मी कधी सोडली नव्हती.

जवळपास वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. ते मीच बंद केलं होतं. माणूस गेला की त्याच्यावरचा राग सोडावा म्हणतात. मी सोडलेला नाही.

केशवभाऊ वैनगंगेच्या पुलावर पाण्याची पातळी वाचायचे. खांबावरच्या रंगवलेल्या पट्ट्या पाहायच्या आणि आकडा वरच्या कचेरीला कळवायचा, एवढंच काम, आयुष्यभर रोजंदारीवर. आकडा वर जायचा, पण खालच्या गावांना कोणी सांगायचं नाही. म्हणून ते स्वतः सायकलनं सांगत फिरायचे. त्यातून ओळखी झाल्या आणि ओळखींतून आमचा मेळावा. दर वैशाखात, नदीकाठच्या त्यांच्या गावातल्या समाजमंदिरात, पुराशी हातानं भिडणारी माणसं जमायची. डोंगेवाले, सिहोऱ्याकडचे तलावाची पाळ राखणारे, पूर आला की गावची जनावरं उंचावर नेणाऱ्या सानगडीच्या शेवंताबाई. नियम एकच, आधी गेल्या पुरातली आपली चूक सांगायची. कोणी बढाई सुरू केली की केशवभाऊ म्हणायचे, "ते घरी सांग गा, बायको आयकते. इथं चुकलं काय ते सांग."

त्यांची मुलगी रायगडला खाडीकाठच्या शाळेत शिकवते. तिच्याकडे गेले आणि येताना म्हात्र्यांना घेऊन आले. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध राखणारा हा माणूस. त्या बांधात लाकडी झडप असते, ते लोक तिला उघाडी म्हणतात. भरती तिला दाबून बंद करते आणि ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पुढच्या वर्षी म्हात्र्यांसोबत समुद्राकाठचे आणखी तिघे आले. समुद्राच्या लोकांचं भंडाऱ्यात काय काम, म्हणून गाव हसलं. पण म्हात्रे गावचा नाला पाहून म्हणाले, "तुमचा पूर पुढनं नाय येत, मागल्या दारानं येतो. आमच्यासारखाच." खरं होतं. वैनगंगा फुगली की तिचं पाणी नाल्यातून उलटं गावात चढतं.

नाला नदीला मिळतो तिथल्या मोठ्या सिमेंट पाइपावर लोखंडी झडप बसवायची ठरलं, आणि ती मी करायची. म्हात्र्यांनी कागदावर काढून दिलं, झडप नदीच्या बाजूला. मी मात्र आयुष्यभर तलावांची दारं केलेली. तलावाचं दार आतल्या, पाण्याच्या बाजूला असतं, त्या पाण्याच्या वजनानंच ते घट्ट बसतं. "मले नका शिकवू," म्हणालो आणि झडप गावाकडच्या तोंडाला टांगली. पूर आला, झडप ढकलून आत शिरला. नदी उतरली तेव्हा आत साचलेल्या पाण्यानं तीच झडप दाबून धरली. मी गावाचा तलाव केला होता. चार दिवस पाणी हललं नाही. विणकरांच्या गल्लीत हातमागांखालचे, पाय सोडून बसायचे खड्डे चिखलानं भरले.

वैशाखात माझी पाळी आली. मी म्हणालो, कागदातच घोळ होता. म्हात्रे समोरच बसले होते. केशवभाऊ बोलले.

"कागद माह्यापाशी आहे वसंता. काढू काय?"

"काढा ना. मी काय भेतो?"

"नाही काढत. तूच सांग."

साठ-सत्तर माणसं होती. मी दोन वाक्यांत सांगितलं. केशवभाऊंनी मान खाली घातली होती, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी चप्पल घातली. मागून ते म्हणाले, "जेवून जा गा." मी जेवलो नाही.

त्याच महिन्यात झडप काढून नदीच्या बाजूला बसवली. पुढचा पूर गावात शिरला नाही. केशवभाऊ एकदाही माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. चूक चारचौघांत सांगायची आणि दुरुस्ती कोणी पाहायलाही यायचं नाही, हा कुठला न्याय?

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी एका कचेरीतला तरुण साहेब दुकानात आला. म्हणाला, मेळावा आता भंडाऱ्याच्या सभागृहात, पास असलेल्यांसाठी, प्रत्येकाची दहा मिनिटांची यशोगाथा. व्यासपीठावर माझ्या झडपेचं मॉडेल आणि माझा सत्कार. मला हवं ते सगळं ताटात वाढून आलं होतं.

"पहिले उलटी लावली होती, ते सांगाचं काय?" मी विचारलं.

"त्याची काय गरज आहे, काका?"

"इथले सारे मिस्त्री तलावाची दारं करणारे. ते बी उलटीच लावतीन ना."

"नीट बसवलेल्या झडपेचा फोटो असेल की."

मी सौदा करून पाहिला. सत्कार ठेवा, चूकही ठेवा. नाही म्हणाला. सत्कार काढा, चूक ठेवा. तेही नाही. "मग झडप बी नाही भेटत," मी म्हणालो, "अन् मेळावा समाजमंदिरातच होईल. तुम्ही बी या, जेवायला."

समाजमंदिर मी झाडून घेतलं, फोन मी केले. म्हात्र्यांनाही मीच केला. ते म्हणाले, "येतो. कागद पुन्हा काढून आणू काय?"

"आणा," म्हटलं.

मेळावा झाला. पहिला मी बोललो, यावेळी कागद सर्वांसमोर धरून. सिहोऱ्याकडचा एक मिस्त्री म्हणाला, "मी बी अशीच लावनार होतो जी, गावाकडून." साहेब आला होता. दारात उभा राहून त्यानं मोबाइल वर धरला. मी म्हणालो, "फोटो मंग. आता बसा, तुमची बी पाळी येईल." तो माझ्याशेजारी बसला.

मग शेवंताबाई बोलू लागल्या. चार गाईंची दावी सोडायची राहून गेली होती. "मले वाटलं, धन्यानं सोडल्या असतीन. धन्याले वाटलं, मी सोडल्या..." त्या थांबल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सत्तर माणसांत त्यांच्या तोंडाकडे कोणीच पाहत नाही. सांगणाऱ्याला अवघडू नये म्हणून सगळे मान खाली घालून, सतरंजीकडे पाहत ऐकत होते. केशवभाऊ असेच ऐकायचे. माझ्या वेळी त्यांनी मान खाली घातली होती, तेव्हा मला वाटलं होतं की माझं तोंडही त्यांना पाहायचं नाही.

साहेब एकटक शेवंताबाईंकडे पाहत होता. मी त्याला कोपर मारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं, आणि मान खाली घातली.