रहीमबक्षच्या दादीचा कागद

विरोधी वकिलांनी रहीमबक्षला त्याच्या आजोबांबद्दल विचारलं, "दादा का लिखा कोई काग़ज़ घर में है?" तो कागद त्या वेळी माझ्या पिशवीत होता आणि माझ्या सीनियरनाही त्याची खबर नव्हती. ही गोष्ट जबलपूरच्या कोर्टातली, मी नवखा ज्युनियर वकील असतानाची.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. आमचा अशील रहीमबक्ष फौजी कारखान्यात टर्नर होता, म्हणजे लेथवर लोखंडाला आकार देणारा. ओव्हरटाइम संपत नव्हता. साक्षीसाठी अर्ध्या दिवसाची सुट्टीही मोठ्या मिनतवारीने मिळालेली. गोहलपूर मोहल्ल्यातल्या आजोबांच्या घरातून त्याला काढायला सावत्र चुलतभावाने दावा लावला होता. म्हणणं असं, की रहीमबक्षची दादी एका रियासतीतून विकत आणलेली लौंडी, म्हणजे दासी. निकाह झालाच नाही, तेव्हा तिचा मुलगा, म्हणजे रहीमबक्षचा बाप, वारस नाही. हरलो तर बायको आणि चार मुलांसकट तो रस्त्यावर येणार होता.

इथे कायद्याची गंमत सांगायला हवी, जरी तेव्हा मला हसू येत नव्हतं. जुन्या इस्लामी कायद्यात मालकाने दासीचं मूल आपलं म्हटलं, की ते मूल स्वतंत्र आणि निकाहाच्या बायकोच्या मुलांइतकंच वारस. त्या आईलाही मग विकता येत नाही. मालक गेला की ती मोकळी. पण सरकारने गुलामगिरी कधीच मोडली होती. कोर्टाच्या लेखी दासी असं कोणी नव्हतंच, म्हणून तिच्या मुलाचा जुना हक्कही उरला नव्हता. मालक आपल्या दासीशी निकाह करत नसे, म्हणून उरायचं एवढंच, की निकाह नाही. बाई मोकळी असेल आणि पुरुषाने मुलाला चारचौघांत आपलं म्हटलं असेल, तर मात्र उलटं सिद्ध होईपर्यंत कोर्ट निकाह धरून चालायचं.

कागद रहीमबक्षनेच टिनाच्या डब्यातून आणून दिलेला. त्यात दादीची खरेदी लिहिली आहे, कोणाला दाखवू नकोस, असं त्याचे अब्बा सांगून गेले होते. जुनी फारसी, तीही गिरगटलेली. त्याला वाचता येत नव्हती आणि मला त्यातलं पहिलं अक्षर अलिफही ठाऊक नव्हतं. कोर्टातल्या मुन्शींना येत होती. पण त्यांना दाखवलं तर दुपारपर्यंत गोहलपूरभर होईल, ही धास्ती. मी कागद फायलीत लावलाच नाही.

रहीमबक्षने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं.

"जी, है. छोटे वकील साहब के पास."

जजसाहेबांनी हात पुढे केला. माझे सीनियर नागपूरकडचे. रागावले की आवाज खाली जायचा.

"पिशवीत काहून ठेवला?"

"सर, त्यात लौंडी लिहिलंय."

"तू वाचला?"

मी कागद काढून जजसाहेबांना दिला आणि त्यांनी तो मुन्शींकडे सरकवला. मुन्शींनी चष्मा लावला. विरोधी वकील चक्क हसत होते. रहीमबक्ष कठडा घट्ट धरून उभा होता. मुन्शींनी आधी मनाशी वाचलं, मग मोठ्याने सांगितलं.

"लिखा है, मैंने ज़ुबैदा को अल्लाह की राह में आज़ाद किया. अब उस पर किसी का कोई हक़ नहीं."

खरेदीचा नव्हे, तो आझादीचा कागद होता. खालची तारीख रहीमबक्षच्या वडिलांच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. जन्माची तारीख तर चुलतभावाने स्वतःच दाव्यात लिहून दिलेली. बाई मोकळी होती, आणि आजोबा मुलाला मुलगा म्हणत, हे तर आख्खा मोहल्ला सांगत होता. विरोधी वकिलांचं हसू गेलं. पुढे काही महिन्यांनी निकाल आला आणि घर वाचलं.

पण त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात रहीमबक्ष घराबद्दल एक शब्द बोलला नाही. मुन्शींना गाठून त्याने फक्त नाव पुन्हा वाचायला लावलं. घरात तिचं नाव कधी कोणी घेतलंच नव्हतं. लाजेपोटी सगळे तिला 'वो' म्हणत. दोन पिढ्या त्यांनी ती लाज टिनाच्या डब्यात जपली, आणि तिसऱ्या खेपेला मी पिशवीत. "ज़ुबैदा," तो स्वतःशीच म्हणाला आणि सायकलवर बसून शिफ्टला गेला.

कागद लपवायचाच असेल, तर निदान आधी वाचून घ्यावा. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच मुन्शींकडे अलिफ गिरवायला बसलो.