न विचारता वाढलेला रस्सा

रविवारी आमच्या मिसळीच्या हॉटेलात बसलेली माणसं कमी आणि ताटकळत उभी असलेली जास्त. गंगापूर रस्त्याला हे हॉटेल टाकून आम्हा नवराबायकोला बरीच वर्षं झाली. गल्ल्यावर मी बसते, आणि माझं तोंड फटकळ आहे हे नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे.

त्या रविवारी एक गृहस्थ पिंपळगावच्या पाहुण्यांना घेऊन आले. मुलीचं लग्न जमत आलेलं, पाहुणे म्हणजे होणारे व्याही आणि विहीणबाई. "आपल्या ओळखीचं हॉटेल आहे," असं त्यांना ऐकवतच ते गल्ल्याशी आले आणि टेबल मागू लागले.

मी वहीतून मान वर न करता म्हणाले, "ओळख घरी. इथं नंबर लागतो."

मागची माणसं हसली. व्याही हसले नाहीत. त्या गृहस्थांचा चेहरा खर्रकन उतरला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

तासाभराने त्यांना टेबल मिळालं. वाढायला मावशी होत्या. पेठ तालुक्याकडच्या, एकट्या, आमच्याच पगारावर खोलीचं भाडं भरणाऱ्या. त्यांची एक खोड मला मोडता आली नव्हती. रस्सा हवा का, असं त्या कुणाला विचारतच नसत. "पाव्हण्याला पाहिजे का म्हणून नाय विचारत आमच्याकडं, ताई. वाटी रिकामी दिसली का वाढायचं."

व्याह्यांनी "बास, बास" म्हणत हात पुढे केला तोवर मावशींनी वाटी भरलीही होती. थोडा रस्सा टेबलावर सांडला. इतकंच. पण ते गृहस्थ ताडकन उठले.

"अक्कल आहे का? विचारायची रीत नाही? कुठून कुठून उचलून आणतात!" मग फोन बाहेर काढून माझ्याकडे बघत ओरडले, "हिला आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर व्हिडिओ टाकतो."

मावशी रश्श्याची बादली धरून माझ्याकडे बघत होत्या.

गल्ल्यापासून ते टेबल दहा पावलांवर होतं. तिथवर चालत जाईपर्यंत मला सगळं उमगलं होतं. राग माझ्यावरचा होता. मला बोलले असते तर मी आणखी चार ऐकवल्या असत्या, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. गिऱ्हाईक भुकेनं एवढं बिघडत नाही. चारचौघांत कमीपणा आला की बिघडतं, आणि जो उलटून बोलणार नाही त्याला धरतं. 'माझंच चुकलं, मघाशी तसं बोलायला नको होतं,' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात फोन माझ्या तोंडासमोर आला.

"मावशी," मी म्हणाले, "साहेबांची माफी मागा."

त्यांनी बादली खाली ठेवली, हात जोडले. "चुकलं माझं, साहेब."

गृहस्थ खाली बसले. विहीणबाई ताटातून मान वर काढेनात. मावशींची नोकरी राहिली, माझंही हॉटेल राहिलं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी जेवायला बसले. एरवी दोन घास होतात न होतात तोच मावशी माझ्या वाटीत रस्सा ओतायच्या, नको नको म्हटलं तरी. त्या दिवशी वाटी तळाला गेली. मावशी बादली घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

"वाढू का, ताई?" त्यांनी विचारलं.