घड्याळाखालची भिंत

त्या चित्रात फारसं काही नव्हतं. खिडकीत ठेवलेलं पाण्याचं भांडं आणि त्यावर पडलेलं सकाळचं ऊन. माझा हात आपोआप वर गेला आणि मी लांबूनच वितीने चौकट मोजू लागले. पहाऱ्यावरची बाई लगबगीने पुढे आली. "हात नाही हो लावत," मी तिला चक्क मराठीत म्हणाले.

ही खोड ह्यांची. परदेशातल्या कुठल्याही गॅलरीत गेलो, की प्रत्येक दालनातलं एक चित्र हे मनातल्या मनात घरी न्यायचे. हवेत वीत धरून म्हणायचे, "अगं, हे आपल्या घड्याळाखाली बसेल बघ."

"अहो, हळू बोला. आणि तिथे कॅलेंडर आहे."

"काढू की कॅलेंडर!"

एवढं जग हिंडून माणूस शेवटी आपल्याच घरातल्या हातभर भिंतीसाठी काहीतरी सुंदर शोधत असतो, असं मला तेव्हा वाटायचं. हसूही यायचं.

यंदा लेकीकडे एकटीच आलेय. चित्र वितीत अगदी बेताचं भरलं. अहो, घड्याळाखाली छान बसलं असतं. पण तिथलं कॅलेंडर काढलं मी, आणि तुमचा फोटो लावला.