पाहिलं होतं, बोललो नाही

आदरणीय धोंडीराम ओव्हाळ, म्हणजे आमचे ओव्हाळकाका, यांची माझी पहिली भेट पिंपरीत हमरस्त्याच्या कडेला झाली. मी तेव्हा ट्रकवर क्लीनर होतो. चहाला म्हणून उतरलो, तिथे अस्वलाचा खेळ बघत बसलो आणि ट्रक निघून गेला. शेजारी काका विहाराच्या छपरासाठी घेतलेले पत्रे सांभाळत उभे होते.

"रिकामा आहेस का?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच झालो."

"मग एक टोक धर."

ते टोक धरून मी त्यांच्या वस्तीत पोहोचलो. काकूंनी जेवायला वाढलं. नाव सोडून कुणी काही विचारलं नाही. महिनाभरात काकांनी मला आपल्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये टेंपररी म्हणून लावून दिलं. शाळा मी नववीतच सोडलेली, त्यामुळे या गौरव अंकात माझं लिहिणं इकडेतिकडे भरकटलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

काका त्या शॉपमध्ये सेटर होते. प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बसवायची आणि मशीन तपासून कामगाराच्या हाती द्यायचं, हे त्यांचं काम. मशीनचा आवाज जरा बदलला की बोलता बोलता त्यांची मान वळायची. रविवारी सकाळी ते विहारात वंदना घेत. पंचशील आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. मी तर ते घाईत उरकून टाकायचो. पण वंदना झाल्यावर काका एकेकाला विचारत, "या आठवड्यात कुठं अडकलं?" कुणी सांगे, सासूशी बोलताना. कुणी सांगे, गुत्त्यावरून जाताना. एकदा काका स्वतःच म्हणाले, "नळावर मी शेजाऱ्याला टाकून बोललो," आणि तिथूनच उठून त्याच्या दारी गेले.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं टाळत आलो.

आमच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आत सापडायला नकोत. पण माल जास्त निघावा म्हणून आम्ही एका बटणात लाकडाची पाचर ठोकायचो आणि दुसऱ्या हाताने पत्रा सरकवत राहायचो. शिफ्ट संपताना ती काढायची, हा अलिखित नियम. त्या दिवशी भोसरीकडे कुस्त्यांचा फड होता. मी पळालो. पाचर तशीच राहिली.

दुसऱ्या शिफ्टला त्याच मशीनवर बबन आला. जवळच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्याचा एक हात बटणावर होता आणि वाकडा बसलेला पत्रा नीट करायला त्याने दुसरा आत घातला. प्रेस खाली आली. दोन बोटांची टोकं गेली. कंपनीने ठरवलं की पाचर त्यानेच ठोकली. चौकशी लागली, नोकरी जाणार आणि भरपाईही मिळणार नाही, असं सगळे बोलू लागले.

काकांबरोबर मी दवाखान्यात गेलो. बबन हसला. "या राव! आता माज्याकडनं नऊच बोटं मोजा, दोन अर्ध्यांचं एक धरून." मग काकांकडे वळून म्हणाला, "काका, तुमच्या गळ्याची आन, म्या पाचर लावली न्हाई. पर कोन ऐकतंय?"

काका खाली बघत राहिले. मी त्याच्यासाठी नेलेलं सफरचंद चिरायला घेतलं.

रविवारी विहारात माझी पाळी आली. "काही नाही अडकलं," मी म्हणालो. काका म्हणाले, "माझं अडकलंय. आज सांगवत नाही." मला वाटलं, यांना माझा संशय आला. पुढचे दिवस त्यांची सायकल दिसली की मी गल्ली बदलायचो.

अकराव्या दिवशी चौकशी झाली. आधीच्या शिफ्टचा म्हणून मला साक्षीला बोलावलं होतं. बाहेर बाकावर बसून मी "मला माहीत नाही" हे तीन शब्द घोकत होतो. दार उघडंच होतं. आत काकांचा आवाज आला.

"साहेब, पाचर मी पाहिली होती. बबन येण्याच्या आधी. अर्जंट माल जायचा होता म्हणून बोललो नाही."

"कुणाची होती?"

"दुसऱ्याचं मी सांगणार नाही. काढायला हवी होती ती मी, आणि काढली नाही. एवढं लिहून घ्या."

साहेब म्हणाले, "ओव्हाळ, यंदा चार्जमनच्या बढतीच्या यादीत तुमचं नाव आहे. विचार करून बोला."

"अकरा दिवस तोच केला, साहेब."

मी न बोलावताच आत गेलो.

बबन कामावर परत आला, त्याला भरपाईही मिळाली. काकांचं नाव यादीतून गेलं. मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी सुटलो असं समजून निघालो होतो. काका गेटवर सायकल धरून उभे. "साहेबांना सांगितलंस. ज्याची बोटं गेली त्याला कधी सांगणार?"

बबनच्या गावापर्यंत आम्ही चालत गेलो. ऐकून तो ओरडला, "अकरा दिस! माजी आई लोकांची तोंडं बघत बसली अकरा दिस, अन् तू माज्याशेजारी बसून सफरचंद चिरीत व्हतास?"

काका म्हणाले, "बबन, मलाही बोल. मीही तेवढेच दिवस गप्प होतो."

बबनने त्यांना घोंगडी टाकली. मला टाकली नाही. मी उभाच राहिलो आणि काकाही घोंगडीवर न बसता माझ्या शेजारी उभे राहिले. अंधार पडायच्या आत आम्ही परत फिरलो.

त्यानंतर मी चाकणला, नगरला, कुठे कुठे कामं केली. बबन आता भेटला तर बोलतो, थोडं तोडून का होईना. काका साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची दृष्टी, गुडघे आणि सायकल शाबूत राहोत, काकूंच्या सोबतीने त्यांना भरपूर आयुष्य मिळो. त्यांच्यासमोर उभं राहून खोटं बोलणं मला जमत नाही. ती अडचण मला अजून पुष्कळ वर्षं हवी आहे.